जुळत नाही, असं कंपायलर म्हणाला

लिफ्ट बनवणाऱ्या त्या कंपनीत सगळे जिनाच वापरत. लिफ्टचा प्रोग्रॅम अजून अर्धवट आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तिला तर जास्तच... कारण तो तीच लिहीत होती.

सहाव्या मजल्याच्या वळणावर, लिफ्टमधल्या डिस्प्लेच्या पडद्याचं काम बघणाऱ्या विभागातला नवा प्रोग्रॅमर तिच्यावर येऊन आदळला. दोघांचे कागद पायऱ्यांवर पसरले. दोघांच्याही पानांवर तोच अ‍ॅरे: दहा कप्पे, दर मजल्याचा एक, आणि आत तिथे ताटकळणाऱ्या माणसांचा आकडा. कुठलं पान कुणाचं ते काही ठरेना. ठरवायची घाईही कुणाला दिसत नव्हती.

दुपारी तो तिच्या टेबलाशी हजर. तिचा अ‍ॅरे त्याच्या अ‍ॅरेत टाकू गेलं की कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा, सरळ नकार देत होता.

“कप्पे तेवढेच, आत आकडेच... मग बिनसलं कुठे?”

तिने समजावलं. प्रोग्रॅमची ही भाषा कडक. अ‍ॅरेचे प्रकार दोन ठिकाणी वेगवेगळे जाहीर केले, की आतून तंतोतंत सारखे असले तरी ते एकमेकांना परके. दोघांसाठी मिळून एकच प्रकार जाहीर करायचा, नाहीतर एकेक कप्पा सुटा उतरवायचा.

“माझ्या बाबांनी लिहिला असणार हा कंपायलर,” ती म्हणाली.

पहिला उपाय दोन मिनिटांचा होता. म्हणून दोघांनी दुसरा निवडला. रोज एक कप्पा. तिचा हात माऊसवर, त्याची नजर पडद्यावर... निदान बहुतेक वेळ.

दहाव्या दिवशी तो हळूच म्हणाला, “आता... अकरावा मजला नाहीये.”

“मग घरी ये.”

बाबांनी त्याला नीट तपासला. शिक्षण तिच्याएवढं, पगार तिच्याएवढा. उंची दोन बोटं जास्त, ती माफ. तो गेल्यावर निकाल लागला: मुलगा सोन्यासारखा, पण आपल्यातला नाही.

“कमी काय आहे त्याच्यात?”

“कमी काही नाही गं. जुळत नाही, एवढंच.”

या वेळी समजावण्यात तिने एक मिनिटही घालवलं नाही.

“बरं. मग आम्ही दोघं मिळून नवे ‘आपल्यातले’ जाहीर करतो. नोटिशीचा महिना संपला की पहिल्याच शुक्रवारी अकराला, विवाह नोंदणी कचेरीत. साक्षीदार तीन लागतात, दोन मिळालेत.”

त्या कचेरीत आपण पाऊल ठेवणार नाही, असं बाबांनी बजावलं.

“नका ठेवू. कागद बाहेर पायरीवर आणून देईन. पेन तेवढं तुमचं आणा.”

बाबांनी डोळे वटारले. तिने पापणीसुद्धा हलवली नाही. शेवटी बाबांनी घसा खाकरला.

“अकरा म्हणजे... सकाळचेच ना?”