काजव्याचं खरं नाव

अंधारात तिने ज्याला दार समजून जोरात ढकललं, ते दार ‘आई गं!’ म्हणालं. तेही अशा खर्जातल्या आवाजात, की ती दोन पावलं मागेच सरकली.

चूक तिची एकटीची नव्हती. डबिंगची ती खोली, भिंतींना काळं जाड कापड, उजेड फक्त माइकपुढच्या कागदांवर आणि त्या अंधारात काळाच शर्ट घालून उभा असलेला एक उंचापुरा माणूस. कुणीही ढकललं असतं.

“दार त्या बाजूला आहे,” तो पाठ चोळत म्हणाला. “मी नायकाचा आवाज. आणि तुम्ही?”

“मी... त्या आवाजाचे शब्द लिहिते.”

“मग बरं झालं. एक धक्का आधीच पचवला.”

तुम्हीचं तू व्हायला आठवडाही लागला नाही. स्टुडिओ वरच्या मजल्यावर, छप्पर पत्र्याचं. पाऊस आला की आवाज नको म्हणून रेकॉर्डिंग थांबायचं आणि ही दोघं त्याच्या थर्मासमधलं गरम पाणी वाटून घेत बसायची. काम सुरू करण्याआधी तो घसा तापवायला डोळे मिटून ‘ऊंऽऽऽ’ करायचा. अगदी उकळी फुटायच्या बेतात असल्यासारखा. तिने त्याचं नाव ठेवलं किटली.

“हे बाहेर फुटता कामा नये हं,” तो म्हणाला होता. “माझ्या भारदस्त आवाजाची अब्रू आहे बाजारात.”

“नाही फुटणार. फक्त माझ्यासाठी.”

त्या ‘फक्त’वर दोघंही जरा थांबली. मग पाऊस थांबला आणि काम सुरू झालं.

कामही होतं मोठं गमतीचं. परदेशी चित्रपट, एका जुन्या चित्रकथेवरचा. नायक काजवा. दिवसा साधा कारकून, अंधारात मुखवटा घालून उजळणारा. लहानपणी तिने आणि तिच्या दादाने ती चित्रकथा फाटेपर्यंत वाचली होती. तिच्यात अख्खं शहर त्याला काजवा म्हणून ओळखतं. खरं नाव कळतं ते एका परिचारिकेला, अगदी शेवटच्या पानावर. चित्रपटवाल्यांना मात्र ‘काजवा’ पोरकट वाटला असावा. त्यांच्याकडे पोलीस, पेपरवाला, खलनायक, सगळे पहिल्या पाच मिनिटांपासून त्याला त्याच्या शाळेच्या पटावरच्या नावाने हाका मारत सुटले होते.

तिने जमेल तिथे ‘काजवा’ परत घुसवला. जिथे बोलणाऱ्याची पाठ होती तिथे, जिथे चेहरा लांब होता तिथे. जवळून दिसणाऱ्या चेहऱ्यांपुढे इलाज नव्हता, खऱ्या नावाला ओठ मिटत होते, ‘काजवा’ म्हणताना ते मिटत नाहीत.

“अगं, नावात एवढं काय अडलंय?” तो हसून म्हणाला.

“मुखवट्याचं नाव जगाचं असतं. खरं नाव एकीचं. सगळ्यांनीच ते वापरलं, तर तिच्यासाठी उरलं काय?”

तो थर्मासचं झाकण बराच वेळ लावत राहिला.

आणि मग आली पाहुणी. मोठ्या शहरातल्या मोठ्या स्टुडिओतून, परिचारिकेचा आवाज द्यायला. आवाज कसला, मध होता मध! पहिल्या दिवशी दाराशी उभ्या उभ्याच तिने त्याला ‘अरे’ केलं. दुसऱ्या दिवशी दोघं एकाच माइकपाशी, डोकं जवळ आणून, ‘तुझ्याशिवाय या उजेडाला अर्थ नाही’ म्हणू लागली. काचेच्या अलीकडे हेडफोन लावून बसलेल्या लेखिकेला तो प्रत्येक श्वास कानात ऐकू येत होता. आणि ते शब्द तिने स्वतःच्याच हाताने लिहिले होते! तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

उघड काय बोलणार? तिने पेन उचललं. दुसऱ्या दिवशीच्या कागदांवर प्रेमप्रसंग चांगलाच आटला होता. ‘तू आलीस आणि अंधार सरला’च्या जागी ‘आलीस? ठीक आहे’ असं होतं. दिग्दर्शकांना सगळे काका म्हणत. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“हा प्रेमात पडलाय की बँकेत रांगेत उभा आहे?”

“ओठांच्या हालचालीत एवढंच बसतं, काका.”

“कालपर्यंत तर बसत होतं!”

आतून तो काचेतून तिच्याकडे बघत होता. तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

खरा भडका उडाला तो त्याच्या पुढच्या दिवशी. पाहुणीने थर्मास पुढे केला आणि मधाळ आवाजात म्हणाली, “किटली, पाणी घेतोस ना?”

लेखिकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सांगितलं याने! दोघांमधलं एवढंसं एक नाव, तेही या बाईच्या ओंजळीत टाकलं! त्या दिवसापासून तिचं त्याच्याशी बोलणं ‘हो’, ‘नाही’ आणि ‘पान पुढचं’ एवढ्यावर आलं. त्यात काकांकडून कळलं की पाहुणीच्या स्टुडिओला ही जोडी फार आवडली आहे, वर्षभराच्या मालिकेसाठी त्याला तिकडे बोलावलंय. काम संपलं की पाहुणी निघणार. बरोबर तोही गेला तर?

शेवटच्या दिवशी शेवटचाच प्रसंग उरला होता, मुखवटा उतरवण्याचा. आणि नेमका पाऊस आला. काका आणि पाहुणी चहाला खाली गेले. आत तो, काचेबाहेर ती. मध्ये टॉकबॅकचं बटण, ते दाबलं की इकडचं बोलणं आतल्यांच्या हेडफोनमध्ये जातं.

तिने ते दाबलं. “तू तिला नाव सांगितलंस.”

“मी?” तो चाटच पडला. “चोराच्या उलट्या बोंबा! अगं, बाजाराच्या प्रसंगासाठी एवढे कलाकार आत उभे होते. तू बटण दाबलेलंच ठेवलंस आणि म्हणालीस, ‘आज किटली लवकर तापली वाटतं!’ सगळ्यांच्या कानात गेलं. आता तर खालचा वॉचमनसुद्धा मला किटली म्हणतो!”

तिला ते आठवलं, आणि जमीन दुभंगावी असं वाटलं.

“मग... मग तू बोलला का नाहीस?”

“तू बोलू दिलंस कुठे? आणि एवढा राग कशाला? नावच तर आहे.”

“ते माझं होतं!” तिचा आवाज फुटला. “ती तुझ्या इतक्या जवळ उभी राहते... आणि मी लिहिलेलं तू तिला म्हणतोस. माझा जळफळाट होतो. कळलं? तू जाऊ नकोस.”

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. काचेपलीकडे तो हळूच हसला.

“पहिल्या टेकला ओके,” तो म्हणाला. “मी सकाळीच नाही म्हणून आलोय. तिकडे पगार बरा आहे... पण मला धक्के मारणारं कुणी नाही.”

तिने डोळे पुसले. मग आणखी जोरात पुसावे लागले.

“किटली तर आता गावाची झाली,” तो म्हणाला. “आपल्याला नवीन नाव लागेल. मी तुझ्यासाठी एक ठेवलंय, केव्हापासून. रेकॉर्डिंगचा लाल दिवा बंद कर. स्पीकरही. हेडफोन घाल.”

तिने सगळं केलं. तो माइकच्या अगदी जवळ आला आणि एक नाव म्हणाला.

ते नाव इथे लिहिणार नाही. विचारूही नका.

पाऊस थांबल्यावर काका आणि पाहुणी वर आले. पाहुणीने दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, एक भुवई उचलली आणि निमूटपणे माइकशी त्याच्यापासून एक पाऊल लांब उभी राहिली. लेखिकेने शेवटच्या पानावरची एक ओळ खोडली. पडद्यावर काजवा मुखवटा उतरवून परिचारिकेच्या कानाशी वाकतो, तेव्हा त्याचे ओठ तिच्या केसांआड जातात. मूळ चित्रपटात तो तिथेही आपलं नाव खणखणीत आवाजात सांगतो. आता तिथे नुसती कुजबुज होती.

“नाव ऐकू आलं नाही,” काका म्हणाले.

“प्रेक्षकांना नाहीच येणार,” ती म्हणाली. “तिला आलं ना, काका?”

काकांनी एकदा तिच्याकडे, एकदा काचेतून त्याच्याकडे पाहिलं आणि ‘ओके’चं बटण दाबलं.