बानूचाचीचा कान

शिरूरच्या बायपासला इरशादचं गॅरेज आहे, पण लोक गाडी घेऊन यायचे ते त्याच्या आईच्या कानासाठी. बानूचाचीनं शाळा सोडली दुसरीत. पुढं नवऱ्याशेजारी उभं राहून तीस वर्षं इंजिनं ऐकली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला लावायचं, मूठ कानाच्या हाडाला टेकवायची, डोळे मिटायचे आणि सांगून मोकळं व्हायचं : टॅपेट ढिलं आहे, बेअरिंग गेलंय. रांजणगावची शिकलेली पोरं लॅपटॉप जोडून जे तासाभरात शोधत, ते चाची सुपारी फुटायच्या आत सांगे. ईदेपासून मात्र तिचा उजवा कान मंद झाला होता. हे तिनं एका अल्लाशिवाय कुणाला कळू दिलं नव्हतं.

आणि नेमकी तेव्हाच सून सना ऐकायला शिकली. काष्टीच्या एका टेम्पोचं दुखणं चाचीला उमगेना, ते सनानं हातातला कप खाली न ठेवता, नुसतं दारातून ओळखलं. तेव्हापासून गिऱ्हाईक गाडी लावता लावताच विचारी, वहिनी हायेत का? चाचीला ते झोंबे. दौंडची, कालपरवा आलेली, नखाला कधी ग्रीस न लागलेली ही पोर!

इनामगावचे हौसराव सेकंडहँड डिझेल गाडी घेऊन आले, ते असल्याच एका सकाळी. गाडी दौंडला घेतलेली. आवाज येतोय, तीन गॅरेजं फिरलो, कुणाला घावंना, म्हणाले.

चाचीनं ऐकलं. टॅपेटची टिकटिक, पट्ट्याची सळसळ. बाकी काही नाही.

मग सनानं ऐकलं आणि हात मागं घेतला. "तीनदा टकटक होतीय, मग थांबतीय. आतनं कुणी दार वाजवावं तशी."

"बरोब्बर तीन," हौसराव म्हणाले.

पण हार मानेल ती बानू कसली? "ते तर बहिऱ्यालाबी ऐकू येईल," ती म्हणाली. "त्याच्या मागनं श्वास येतोय, तो कुठं ऐकलास तू?"

श्वासबिस काही नव्हता. तिच्या कानात तर टकटकही नव्हती. पण हौसरावांनी मान डोलावली आणि सूनबाईचा चेहरा पडला. चाचीला तेवढं पुरलं.

इरशादनं दोन दिवस घालून इंजिन खोललं. आत सगळं चकाचक. पुन्हा जोडून चालू केलं. सनानं मूठ कानाला लावली आणि हळू आवाजात कबूल केलं की अम्मींचं खरं होतं, श्वास येतोय.

शहाणी बाई इथंच घाबरली असती. चाचीला राग आला. आपण रचलेलं खोटंसुद्धा हिलाच ऐकू यावं?

"आता ते नाव घेतंय," ती सगळ्यांसमोर म्हणाली.

"कुणाचं?"

"तुझं."

सना पुन्हा वाकली. बराच वेळ वाकून राहिली. इरशादचा चहा संपला, कपावर माशी बसली. मग शेजारणीच्या हाकेला ओ द्यावी तसं ती इंजिनाला म्हणाली, "काय गं?"

त्यानंतर ती दिवसातून चार-चारदा बॉनेट उघडून बसे. ओठ इंजिनाजवळ नेऊन पुटपुटे. घरात तिचं बोलणं कमी झालं, मग नुसतं हूं-हूं राहिलं आणि गुरुवारी तेही थांबलं. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. इकडं गिऱ्हाईक पुन्हा चाचीपुढं स्क्रूड्रायव्हर धरू लागलं. चाचीला बरं वाटलं. वाटलंच.

शुक्रवारी दुपारी इरशाद नमाजाला गेला. गाडी बंद, इंजिन गार, बॅटरी काढून फळीवर ठेवलेली. समोर दहा पावलांवर सना चहा गाळत होती. चाचीनं सहज, सून एवढं काय ऐकते ते बघावं म्हणून, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं.

टक. टक. टक.

उजव्याच कानात. स्वच्छ.

मग श्वास.

"अम्मी," सनाचा आवाज म्हणाला. "आता येतंय ऐकू?"

चाचीनं मान वर केली. सना तिच्याकडेच बघत चहा गाळत होती. ओठ मिटलेले.

अजून वेळ होता. मी खोटं बोलले, एवढं इरशादला सांगायचं होतं, गाडी ठेवून घ्यायची होती. पण नमाज उरकून इरशाद आला, त्याच्या मागोमाग हौसराव, आणि त्यांच्याबरोबर गावातली चार माणसं, चाचीचा कान बघायला आलेली. इरशाद बॅटरी जोडू लागला.

"काय निघालं, चाची?" हौसरावांनी विचारलं.

"काय न्हाई. पट्टा होता," चाची म्हणाली. "घेऊन जावा."

तिसऱ्या दिवशी हौसरावांचा फोन आला. गाडी लोण्यासारखी चालतीय, आवाज पार गेला, पंचक्रोशीत तुमचंच नाव हाय. फक्त एक बारीक खोड आहे, म्हणाले. शेजारच्या सीटवर कुणी नसलं तरी पट्टा लावा म्हणून सारखं टूं टूं वाजतंय.

"सीटवर पिशवी ठेवत असाल. वजन लागलं की वाजतं ते."

"न्हाई वो चाची. रिकामीच हाय."

चाचीनं फोन खाली ठेवला. भाकरी आटोपून सना पदराला हात पुसत आली आणि बाजेवर बसली.

बाजेची नवार जराही दबली नाही.