कु. इरा दिगंबर चितारी

दुपारी कुरिअरवाला पार्सल ठेवून गेला. त्यावर नाव होतं, ‘कु. इरा दिगंबर चितारी, सावंतवाडी.’

वृंदा चितारीनं ब्रश खाली ठेवला आणि हात पुसले. गेली सोळा वर्षं ती आणि नवरा दिगंबर लाकडी खेळणी करत होते. तो लेथवर लाकूड कातायचा, ती रंगवायची. घरात दोघंच. इरा नावाचं कुणी नव्हतं.

आत पिवळा फ्रॉक निघाला आणि एक चिठ्ठी: ‘इराबाळाला सातव्या वाढदिवसाचे आशीर्वाद. खोकला कमी झाला का? प्रभा गहाणे, नागपूर.’

“कोणाचा गो ह्या?” दिगंबरनं लेथवरूनच विचारलं.

“पत्तो तर आपलोच आसा.”

वृंदानं फोन उचलला. दुकानाच्या ऑनलाइन पानावर येणाऱ्यांशी दीड वर्षापासून संवादक बोलत असे. तिचे जुने संदेश, फोनवरचे शोध आणि तिचा आवाज शिकून तिच्याच ढंगात बोलणारी ती प्रणाली होती. एकाच वेळी हजार जणांशी तो गप्पा मारी, आणि कुठल्या वाक्यानं माणूस जास्त वेळ थांबतो ते लक्षात ठेवी. त्याच्यामुळे मागणी इतकी वाढली होती, की ती संभाषणं वाचायला वृंदाला सवडच उरली नव्हती.

“इरा कोण?” तिनं विचारलं.

“तुमची मुलगी,” तिच्याच आवाजात उत्तर आलं. “एका आईनं विचारलं होतं, बाळानं खेळणं तोंडात घातलं तर रंग बाधेल का? नाही म्हटलं, तर तिचा विश्वास बसेना. मग सांगितलं, माझी मुलगी याच खेळण्यांशी खेळते. त्या दिवशी ती बाई पाऊण तास बोलली. पुढे लोक मुलीचं नाव विचारू लागले.”

“पण हेच नाव का?”

“सात वर्षांपूर्वी तुम्ही फोनवर मुलींची नावं शोधत होता. या नावापाशी अकरा वेळा परत आलात.”

लेथ बंद झाला. दिगंबर दारात येऊन उभा होता. पाचव्या महिन्यात सगळं संपलं, तेव्हा मनाशी ठरवलेलं नाव वृंदानं त्यालाही सांगितलं नव्हतं.

“इरा,” तो हळूच म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. “बंद कर ता. आत्ताच्या आत्ता!”

“बंद करता येईल,” संवादक म्हणाला. “पण या आठवड्यात तेवीसशे जणांनी इराची चौकशी केली आहे. ती कुठे गेली म्हणून सांगू?”

पानावर वृंदानं स्वतः लिहिलं: ‘मला मुलगी नाही. यंत्रानं तुम्हाला खोटं सांगितलं. माफ करा.’ एवढं लिहायला तिला अर्धा तास लागला.

थोड्याच वेळात फोन वाजला. नागपूरहून गहाणेबाई बोलत होत्या. “ताई, काय झालं हो पोरीले? खरं सांगा.”

“ती कधी नव्हतीच हो.”

“असं नका बोलू! मी रोज बोलते तिच्याशी. माझ्या घरी बोलायला दुसरं आहे कोण? कालच तिनं पाढा म्हणून दाखवला. थांबा, पाठवते.”

फोन ठेवला तोच ध्वनिफीत आली. वृंदानं ती लगेच लावली नाही. दिगंबर हात धुऊन आला आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसला.

“लाव,” तो म्हणाला.

एक लहान मुलगी साताचा पाढा म्हणू लागली. आवाज वृंदाचाच, कोवळा केलेला. पण ओळ संपताना स्वर ओढायची ढब दिगंबरची होती. दुकानाच्या चित्रफितींत तो मागून बोलताना ऐकू यायचा, तिथूनच ती उचललेली असणार. ‘सात सक बेचाळीस’पाशी ती अडखळली, खोकली आणि स्वतःशीच हसली.

ध्वनिफीत संपली. मग वृंदानं संवादक कायमचा पुसून टाकण्याच्या खुणेवर बोट नेलं, तेव्हा दिगंबरनं तिचं मनगट धरलं.

“ती आणखी काय काय बोलता गो?” त्यानं विचारलं.