तसबिरीवरचा हार

"चौकट आहे, चित्र नाही," दर्शन फोनवर म्हणाला. "सुचित्राताई, यल्ला, चला, लगेच या."

शुक्रवारची सकाळ, म्हणजे दुबईत सुट्टी. सुचित्रा तरीही चहा अर्धा टाकून निघाली. जबल अली बंदरात उतरलेल्या मालाची मोडतोड तपासणं ही तिची नोकरी. २००९च्या त्या जानेवारीत माल येणंच आटलं होतं आणि घरी बसून तिचे हात शिवशिवत होते.

गोदाम अंबादासकाकांचं. बंद पडलेल्या ऑफिसांचं फर्निचर तिथं येऊन साचत होतं. त्यातलीच अवजड टेबलं आणि पट्ट्यापट्ट्यांचे पडदे घेऊन विद्युल्लतानं सिनेमासाठी जुन्या कृष्णधवल गुन्हेपटांतला दिवाणखाना उभा केला होता. मधोमध खून झालेल्या बाईचं मोठं चित्र. तेही तिनंच रंगवलेलं, दर्शनच्या बायकोला, शर्वाणीला, तीन आठवडे समोर बसवून.

सिनेमा दर्शनचा. मंदीत त्याची नोकरी गेली होती, पुढच्या रविवारी व्हिसा संपत होता. उद्या गोदामही दुसऱ्याच्या ताब्यात जाणार. शूटिंग आज पुरं झालं तर झालं. तो येरझारा घालून घालून सगळ्यांचं डोकं फिरवत होता.

सुचित्रा सरळ जमिनीवर बसली. चौकटीचे खिळे एकेक उपटून बशीत ठेवलेले. फरशीवर रंगाच्या खपल्या. चंदनाचा हार मात्र तोडून फेकलेला, तुकडे पार कोपऱ्यापर्यंत गेलेले.

"हा हार कधी घातला?"

"काल संध्याकाळी," विद्युल्लता म्हणाली. "बाई मेलेली आहे हे एका नजरेत कळायला हवं ना. माझीच आयडिया."

"तेव्हा कोण होतं?"

"आम्ही चौघंच. शर्वाणी लेट आली, हाताला कापूस चिकटवलेला. व्हिसाची ब्लड टेस्ट होती म्हणाली. मग एसी फार आहे म्हणून बाहेर जाऊन बसली."

"किल्ल्या?"

"एक माझ्याकडे, एक दर्शनच्या घरी," अंबादासकाका चिडले. "मैं क्या करूँगा चित्र का? ती चौकट बघ, नऊशे दिरहम. म्हणजे बारा हजार रुपये."

"म्हणूनच तुम्ही नाही, काका. तुम्ही चौकट आधी नेली असतीत."

"बाहेरचा कुणीतरी असेल," शर्वाणी म्हणाली. "चित्राशिवाय नाही का भागणार?"

सुचित्रानं हात झटकले.

"नुकसान कशाचं झालंय ते मी आधी बघते. चित्राचा खिळान् खिळा जपून काढलाय. हाराचे तुकडे केलेत. म्हणजे राग चित्रावर नव्हता, हारावर होता. विद्युल्लता नाही. चित्रकार कॅनव्हासची गुंडाळी करताना रंगाची बाजू बाहेर ठेवतो. इथं ती आत गेली, म्हणून खपल्या पडल्या. दर्शनला हार नको असता तर त्यानं नुसतं सांगितलं असतं. उरलीस तू, शर्वाणी. किल्ली तुझ्याच घरात आहे."

"ताई, काहीतरीच," दर्शन हसला. "हार काढा म्हणाली असती तर आम्ही लगेच काढला असता."

"आणि का, असंही विचारलं असतं. जिवंत माणसाच्या तसबिरीला हार घालत नाहीत, पण सिनेमा म्हणून तुम्ही हसण्यावारी नेलंत. महिन्यापूर्वी तीही हसली असती. काल नाही हसली. दर्शन, तुमचा व्हिसा संपतोय. देश सोडणाऱ्याचं रक्त इथं व्हिसासाठी कोण तपासतं?"

दर्शनच्या येरझारा थांबल्या.

शर्वाणी सोफ्यावर टेकली. "चित्र गाडीच्या डिकीत आहे. पहाटे तू झोपेत होतास तेव्हा इथं येऊन नेलं, पुन्हा कुणी त्याला हार घालू नये म्हणून. छातीत गाठ आहे, दर्शन. तुकडा तपासायला गेलाय, रिपोर्ट उद्या. पिक्चर संपल्यावर सांगणार होते. पण तो हार बघितला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही."

दर्शनला स्वतःचाच भयंकर राग आला. तीन आठवडे तो तिच्या चेहऱ्यावर नुसता उजेड कुठून पडतो ते बघत होता.

"पॅकअप," तो म्हणाला.

"पॅकअप नको. चित्र लाव, हाराशिवाय, आणि शूट कर." शर्वाणीनं गाडीची किल्ली पुढे केली. "उद्या रिपोर्ट आणायला मात्र तू चल. दवाखान्यातल्या त्या बाकावर मला आता एकटीला बसवत नाही."

"किती वाजता?" दर्शननं विचारलं.