पोरांच्या माळावरची बाग

अंबरनाथच्या नव्या बागेचं त्या दुपारी उद्घाटन होतं. सुनेत्रा आईला घेऊन निघाली ती एकच गोष्ट विचारायला. तिचे वडील दिनानाथ, म्हणजे अण्णा, बागेच्या कमिटीत होते. घरी विषय काढला की पेपर तोंडापुढे धरायचे. चारचौघांत कसं टाळतात तेच तिला बघायचं होतं.

सहा वर्षांपूर्वी, एकोणपन्नास साली, इथे नुसता माळ होता. बोरीची झुडपं, आणि मध्येमध्ये दगडांच्या लहान राशी. अंगावर पिणारी पोरं गेली की पुरुष त्यांना इथे पुरत, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचत. आईला जागा दाखवायची नाही, अशी रीत. दाखवली तर ती तिथून उठत नाही म्हणे. सुनेत्राचा आठ महिन्यांचा भाऊ असाच आईच्या लुगड्यात गुंडाळून गेला. आईने छातीला पट्टा आवळून दूध जिरवलं. जागा? अण्णा म्हणाले, विसरलो. शाळा सोडली म्हणून सुनेत्राची अक्कल काढणारा हा माणूस, स्वतःचं पोर कुठे ठेवलं ते विसरला होता.

आता तेच दगड चुना फासून वाफ्यांभोवती लावले होते. कमिटीचे विष्णुपंत भोंग्यावरून सांगत होते, "पूर्वी इथे काही म्हणजे काहीच नव्हतं."

"ऐकलंस आई?"

आई गुलबक्षीच्या वाफ्याशी थांबली होती. तिची चोळी ओली होत होती. उन्हात कोमट दुधाचा वास आला...

"इथे आहे," आई हळूच म्हणाली.

पलीकडे झोपाळ्यापाशी सत्तरीच्या रखमाबाई पदर छातीशी धरून उभ्या. "माजी पोर हितं हाय गो..." आणखी बायका थांबत गेल्या, जी ती आपापल्या जागी. कुणी ओरडलं नाही. वास मात्र वाढत गेला.

अण्णा तरातरा आले. "काय तमाशा मांडलाय? घाम आहे तो. घरी चला."

"घामाला असा वास येतो? जागा हीच ना, अण्णा?"

"तू गप्प. शाळा सुटली आणि जीभ सुटली."

ते वळून मंडपाकडे निघाले. कारंज्यापाशी मात्र त्यांचे पाय थांबले. पांढऱ्या सदऱ्यावर, छातीशी, दोन डाग उमटले. पसरत गेले. त्यांनी घाईने उपरणं ओढून घेतलं. तेही भिजलं.

आई सावकाश जाऊन त्यांच्याशेजारी उभी राहिली. बराच वेळ. तिथे तिची चोळी सुकत चालली.

"अहो," ती म्हणाली, "इथे तर आपलं कोणी नाही..."

अण्णांनी उपरणं आणखी घट्ट लपेटलं. सदऱ्याच्या टोकावरून दूध मातीत ठिबकत होतं.

"मग कोणाचं पोर आहे हे?" आईने विचारलं.

वाफ्यांपाशी थबकलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कारंज्यापाशी त्यांच्यातली एकही थांबली नव्हती.