समोरच्या खाटेवरचे

"वजन तेच आहे, मंजुषाताई. उगाच बाऊ करू नका," डॉक्टर गौरांग म्हणाले.

तेच असणार. मांडीचं हाड मोडून दाखल झालेल्या पुंजाजींच्या पायांवर सूज चढली होती, आणि अंगात साचलेलं पाणीही काट्यावर भरतंच. अकोल्याच्या या दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ आहे. काट्याचा आकडा दाखवून मला गप्प बसवता येत नाही. दंडाला टेप लावला की माणूस खरा कळतो. पुंजाजींच्या दंडाचा घेर रोज उतरत होता. कानशिलं आत गेली होती. माझं बोट दाबा म्हटलं तर दाबता येईना.

आणि जेवण? भाकरी, वरण, अंडी, ताट चाटूनपुसून साफ. तपासण्यांत काही निघत नव्हतं. असेच खंगत गेले तर मांडीच्या हाडाचं ऑपरेशन ते सोसणार नव्हते. त्यामुळे दुपारी मी त्यांच्या जेवणाशी मुद्दाम जाऊन बसले.

घास उचलण्याआधी पुंजाजी समोरच्या खाटेकडे पाहून म्हणाले, "या जेवाले."

खाट रिकामी होती.

"कोणाला म्हणालात?"

"समोर मानूस बसेल असला तं म्हनाच लागते नं. पयल्या दिवशी म्हटलं, तवापासून रोजच येऊन राह्यले."

त्यांची बायको मनकर्णाबाई खाली मान घालून भाकर मोडत राहिली.

लाइट गेले होते, पंखे बंद. तरी वरणाची वाफ खाटेकडे वाकत होती. मी त्यांच्या ताटातल्या भाकरीचा तुकडा तोंडात टाकला. मीठ नाही, चव नाही, नुसता भुसा.

भीती नंतर. आधी माझं डोकं सणकलं. मी उठून त्या खाटेसमोर उभी राहिले.

"आजारी माणसाच्या तोंडचं काढता, लाज वाटत नाही? यांच्या ताटाला हात लावायचा नाही. भूक असेल तर माझ्याकडे या. मी धट्टीकट्टी आहे."

मनकर्णाबाईचा हात थांबला. "बाई, असं बोलाले नाई पायजे व्हतं."

वाफ सरळ वर जाऊ लागली.

"आज वरन खमंग झालं वं," पुंजाजी म्हणाले. मी बोट पुढे केलं. त्यांनी दाबलं, आणि दुखलं.

संध्याकाळी घरी आले तर माझा नवरा गजेंद्र ताटं मांडत होता. तीन.

"तिसरं कोणाचं?"

तो माझ्या खांद्यावरून मागे पाहत होता.

मी वळलेच नाही. हात मागे नेऊन दार लोटलं, कडी घातली. आता परत पुंजाजींच्या ताटाकडे जायला वाट नको.

गजेंद्र अदबीनं बाजूला सरला. "बसा नं काका, लाजता काहून?"

मी पाट ओढला आणि बरोबर त्यांच्यासमोर बसले.