किल्ल्यावरची वाकडी मोहरी

"कुणीतरी रात्रीत आपल्या किल्ल्याची मान मुरगाळलीय," राजस म्हणाला.

भैरवी तोंडातला ब्रश तसाच धरून अंगणात आली. धुकं एवढं होतं की समोरचा ऊस दिसत नव्हता, नुसता सळसळत होता. दिवाळीच्या किल्ल्याच्या पुढच्या उतारावर त्यांनी मोहरी पेरली होती. काल ती टाचण्यांसारखी ताठ होती. आज रोपन् रोप वळलं होतं. कुणाचं देठ पिळलेलं, कुणाची पानं मुठीसारखी आवळलेली.

"काकूच्या बागेत झालं तसंच." राजसचा आवाज बारीक झाला. "ते इथवर आलं, ताई."

भैरवी आणि राजस ही भावंडं सुटीत विजयसिंह काकांकडे आली होती. राधानगरी रस्त्यावर कोल्हापूर संपून ऊस सुरू होतो, तिथे काकांचं घर. आल्या दिवशीच त्यांनी वर्षाराणी काकूची परसबाग पाहिली आणि दोघांच्या अंगावर काटा आला. टोमॅटो, वांगी, मिरची, घेवडा, सगळं हिरवं होतं, पण पिळवटलेलं. टोमॅटोच्या फांद्या बोटांसारख्या वाकून मातीत काहीतरी चाचपत होत्या. दुधीच्या वेलाने स्वतःलाच गळफास घातला होता. कुंपणापलीकडे अंबूबाईची बाग मात्र छान डोलत होती. आणि काकूला रोपं दिली होती ती अंबूबाईनेच, आपल्याच वाफ्यातली.

मोठ्या माणसांना तेवढं पुरलं. अंबूबाईने करणी केली. एकाने म्हटलं, दहाजणांनी री ओढली. त्या दहांत एक कॉलेजात विज्ञान शिकवणाराही होता, त्यालाही लाज वाटली नाही. अंबूबाई एकटी राहायची, कोपऱ्यावर पाटी मांडून मिरची-कोथिंबीर विकायची. आता लोक तिची पाटी दिसली की रस्ता ओलांडून पलीकडून जात. उद्या देवरुषी येणार होता. त्याने बोट दाखवलं की अंबूबाईला गल्ली सोडावी लागणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

शेजारचा आदर्श दुधाची किटली हलवत आला. त्यांच्या घरचा ऊस काकांच्या उसाला लागूनच होता.

"आयला, किल्ला पण गेला की." तो उकिडवा बसला. मग म्हणाला, "पण गहू बघ."

डाव्या उतारावर गहू पेरला होता. तो ताठ उभा होता. भैरवीने वाकून दगडी बुरुजामागे पाहिलं. तिथेही थोडी मोहरी होती. तीही सरळ!

"म्हणजे करणीला गहू आणि मोहरी वेगवेगळे ओळखता येतात," ती म्हणाली. "आणि बुरुजामागे जायला भीती वाटते."

राजस नखं खात होता.

"परवा आपण पाऊस पाडलेला," तो पुटपुटला.

परवा त्यांनी शेडमधल्या पोत्यांखालून काकांचा पाठीवरचा फवारणी पंप काढला होता, नळाचं पाणी भरून किल्ल्यावर पाऊस पाडला होता आणि पंप गुपचूप जागेवर ठेवला होता. पंपाला हात लावायचा नाही, असं काकांनी बजावलेलं असताना. फवारा समोरून मारला होता. बुरुजामागे तो पोचलाच नव्हता.

"पण त्यात नुसतं पाणी हुतं की," आदर्श म्हणाला.

"त्याआधी काय होतं?" भैरवीने विचारलं.

आदर्शने किटली खाली ठेवली. "तणाचं औषध. काकांनी उसात मारलेलं, आमच्या बांधापातुर. त्यानं रुंद पानाचं तण पिळवटून मरतंय. उसाला कायबी होत न्हाय."

"ऊस म्हणजे गवतच," भैरवी सावकाश म्हणाली. "गहूही."

ती तडक बागेत गेली. धुक्यात वाकडी रोपं पाठमोऱ्या माणसांसारखी दिसत होती. राजसने तिची ओढणी घट्ट धरली. गवती चहा सरळ. मक्याची चार ताटं सरळ. आणि पाण्याच्या हौदाआड, जिथे फवारा गेला नसणार, एक टोमॅटो, तोही सरळ.

"माव्याची कीड पडली म्हणून काकांनी इथे कडुलिंबाचा अर्क मारलेला," राजस म्हणाला. "काकू सांगत होती."

"त्याच पंपातून. न धुता."

ते शेडमध्ये गेले. पंप परवाच्या जागी नव्हता. तो आता कडब्याच्या पार आत सरकवला होता आणि त्यावर पोतं दोरीने करकचून बांधलं होतं. हाताला पिशव्या गुंडाळून आदर्शने झाकण उघडलं. दवाखान्यासारखा उग्र दर्प आला.

"काकांना माहितीय, म्हणून लपवलाय," भैरवी म्हणाली.

आतापर्यंतच्या सगळ्यापेक्षा ते वाक्य भयंकर होतं. करणीला निदान चेहरा नसतो. काका रोज त्यांच्याबरोबर जेवायला बसत.

कुंपणापलीकडे काहीतरी घासल्याचा आवाज झाला. भैरवी कुंपणाशी गेली. अंबूबाई गाठोडं बांधत होती.

"हिकडं येऊ नगंस पोरी, तुझी काकू बघंल."

"कुठे निघालात, मावशी?"

"मलकापूरला, भावाकडं. त्यो देवरुषी यायच्या आदी."

"उद्यापर्यंत थांबा."

"कशापायी? ऱ्हायले तर म्हणत्यात करणी करती."

"आणि गेलात तर म्हणतील पळाली. थांबा."

अंबूबाईने गाठोडं खाली टेकवलं. गाठ मात्र तिने सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगण भरलं. देवरुषीने लिंबू फिरवलं, डोळे पांढरे केले आणि कुंपणापलीकडे बोट केलं. अंबूबाई दारात उभी होती, गाठोडं पायाशी. काकूने तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात आदर्श आणि राजस पंप घेऊन आले. काकांचा चेहरा उतरला.

"आम्ही न विचारता पंप घेतला, त्याची काय ती शिक्षा करा," भैरवी म्हणाली. "आता यात सगळ्यांसमोर नळाचं पाणी भरते." तिने भरलं. मग अंगणातल्या कुंड्यांकडे बोट केलं. काकांचे गुलाब होते ते, पुष्पप्रदर्शनासाठी लेकरांसारखे जपलेले. "काका, नुसतं पाणी आहे. मारा गुलाबांवर."

काका हलले नाहीत.

"तू पोर आहेस, तुला—"

"मारा की," गर्दीतून आदर्शचे वडील जोतीराम म्हणाले. "पाणीच हाय."

काकांनी नळी हातात घेतली. खटक्यावर अंगठा ठेवला. अंगठा दबला नाही. सगळं अंगण त्या अंगठ्याकडे बघत होतं.

"मारा," काकू म्हणाली. तिचा आवाज कुणी असा कधी ऐकला नव्हता. "माझ्या बागेवर मारताना कसा दबला हुता?"

नळी खाली पडली. भैरवीने मग न धुतलेल्या पंपाची आणि तणाच्या औषधाची गोष्ट सांगितली आणि किल्ला दाखवला: वाकडी मोहरी, सरळ गहू, बुरुजामागची सरळ मोहरी. विज्ञान शिकवणारा वाकून वाकून बघत होता. देवरुषी कधी सटकला, कळलं नाही. लिंबू तेवढं राहिलं.

"पोरांनी डोकं चालवलं," जोतीराम म्हणाले. "आमी म्होटी झालो ती नुसती उंचीनं." कुणी राजसची पाठ थोपटली, कुणी आदर्शची.

"आमचं कौतुक नंतर," भैरवी म्हणाली. "आधी तिकडे जा."

काका गेले. अंबूबाईच्या उंबऱ्याशी मान खाली घालून उभे राहिले. मागे सगळी गल्ली.

"चुकलं माझं, अंबूबाई. माहीत असून गप्प बसलो."

अंबूबाईने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. वीस वर्षांचा शेजार होता.

"कोण पावणं म्हणायचं?" तिने विचारलं.

काकू पुढे झाली, हातातली रिकामी पिशवी पुढे करून म्हणाली, "मिरच्या घ्यायच्या हुत्या."

"आज इकायला काय न्हाय." अंबूबाईने गाठोडं उचलून आत ठेवलं आणि बागेत शिरली. येताना पदरात टोमॅटो होते, लालभडक. ते तिने तिघा मुलांच्या हातांत एकेक ठेवले. मग काकूकडे वळली.

"उद्या ये. नवी रोपं देती. पर फवारणी मी सांगीन त्यो करंल."

राजसने टोमॅटो तिथेच खाल्ला. रस कोपरापर्यंत ओघळला.